गेमिंग पीसी तापून बंद पडला? नेमकं काय बिघडलं ते टप्प्याटप्प्याने असं तपासा

गेम ऐन रंगात आलेला असतो, पंखे घोंघावायला लागतात आणि पडदा एकदम काळा होतो. अशा वेळी हात आपोआप पॉवरच्या बटणाकडे जातो. तो तिथेच आवरा. तापून बंद पडलेल्या मशीनचं त्या पहिल्या झटक्यात सहसा फार नुकसान झालेलं नसतं. खरं नुकसान होतं ते नंतर, "बघू तरी, चालू होतोय का" म्हणत चार-पाच वेळा बटण दाबल्याने.

गेल्या मे महिन्यात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, काल रात्रीपासून पीसी तीनदा बंद पडला. आता जळका वास येतोय. दुकानदार म्हणतो, प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही गेले." दोन दिवसांनी मी तिथे पोचलो आणि आम्ही दोघांनी ते मशीन जेवणाच्या टेबलावर उघडलं. प्रोसेसर ठणठणीत होता, मदरबोर्डही. गेलं होतं ते वेगळंच, ते पुढे येईलच. त्या दिवशी ज्या क्रमाने तपासणी केली तोच क्रम इथे देतो आहे. क्रमाला महत्त्व आहे, कारण चुकीची चाचणी आधी केली तर अर्धवट जगलेला भाग त्या चाचणीतच मरतो.

उष्णता कुठे घाव घालते

२००१ साली एका हार्डवेअर संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरून हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून घेण्याचा प्रयोग चित्रित केला होता. एएमडीचा तेव्हाचा अ‍ॅथलॉन धूर सोडत जळाला. इंटेलचा पेंटियम ४ स्वतःचा वेग कमी करत तगून राहिला. आजचे सगळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप त्या पेंटियमसारखं वागतात. ठरलेली मर्यादा आली की आधी वेग कमी होतो, त्यानेही भागलं नाही तर चिप स्वतःच वीज तोडते. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. रायझन ७००० मालिकेत ती बहुतांशी ९५, आणि ७८००एक्स३डीसाठी ८९. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेतल्या कार्डांना ९० अंश, तर रेडिऑन कार्डांत चिपवरच्या सर्वांत तापलेल्या बिंदूला ११० अंशांपर्यंत मुभा असते.

म्हणजे मशीन आपोआप बंद पडलं, तर बहुधा चिपने स्वतःला वाचवलं आहे. तिच्या भोवतालच्या गोष्टींना मात्र असं कवच नाही. पंख्याच्या बेअरिंगमधलं वंगण, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली वाळत जाणारी थर्मल पेस्ट, मेमरी चिपांवरचे थर्मल पॅड, कनेक्टरचं प्लास्टिक, सोल्डरचे जोड आणि कपॅसिटर हे सगळं मुकाट्याने सोसत राहतं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरबद्दल इलेक्ट्रॉनिक्सवाले एक ठोकताळा वापरतात: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं होतं. म्हणून शोध चिपपासून नाही, तिच्या सोबत्यांपासून सुरू करायचा.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो ठाऊक असायलाच हवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे चिपमधलंच एक सर्किट अकाली म्हातारं होत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा प्रोसेसर त्यातला असेल तर पुढची प्रोसेसरची चाचणी घाईने उरकू नका.

पहिला अर्धा तास

एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा स्विच बंद करा, भिंतीतला प्लग काढा, यूपीएस असेल तर त्यापासूनही मशीन सोडवा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला भार उतरेल. मशीन आपोआप थंड होऊ द्या. समोर कूलर लावून ओली हवा मारू नका. कूलरच्या हवेतून येणारे थेंब आणि आत साठलेली धूळ एकत्र आली की जो चिखल होतो, तो नंतर ब्रशनेही निघत नाही.

थंड होईपर्यंत कागद घ्या आणि काय घडलं ते लिहून काढा. कोणता गेम चालू होता, किती वेळ, खोलीत किती उकडत होतं, किती वेळा बंद पडला. बंद पडण्याची तऱ्हा तर नक्की लिहा, कारण तिच्यातूनच निम्मा पत्ता लागतो. कुणी वायर ओढावी तसं सगळं एका क्षणात बंद झालं असेल तर संशय प्रोसेसरच्या कूलरवर किंवा एसएमपीएसवर. पडदा काळा झाला पण गेमचा आवाज येत राहिला आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने ओरडायला लागले, तर कार्डावर. निळा पडदा आला तर रॅम, डिस्क, ड्रायव्हर, प्रोसेसर यांपैकी काहीही असू शकतं. आणि बंद पडण्याआधी गेम बराच वेळ अडखळत चालत असेल तर ती त्यातल्या त्यात बरी खूण समजा: बचावयंत्रणा आपलं काम करत होती.

जळका वास आला असेल तर पुढची पाहणी पूर्ण होईपर्यंत वीज जोडायची नाही. इथे सवलत नाही.

झाकण उघडून: डोळे, नाक, बोटं

कशालाही हात लावण्याआधी मोबाइलने आतले भरपूर फोटो काढा, कोणती वायर कुठे आहे ते दिसेल असे. पुढे वॉरंटीसाठीही ते लागतील. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा आणि टॉर्च घ्या.

आधी वास. नाक एसएमपीएसच्या मागच्या जाळीपाशी न्या, मग प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या वीज-भागापाशी, मग ग्राफिक्स कार्डापाशी. जळलेल्या प्लास्टिकचा वास आणि जळलेल्या सर्किटचा मासळीसारखा उग्र वास हे वेगळे ओळखू येतात. वास एसएमपीएसमधून येत असेल तर तो उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ४०० व्होल्टपर्यंतचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. असा एसएमपीएस सरळ बाजूला ठेवा.

आता कनेक्टर, एकेक करून. मदरबोर्डाचा २४ पिनांचा, प्रोसेसरचा ८ पिनांचा, ग्राफिक्स कार्डाचे सगळे. प्रत्येक काढा, उलटा करून आत पाहा. प्लास्टिक तपकिरी पडलंय का, कडा वितळून गोल झाल्यात का, एखादी पिन बाकीच्यांपेक्षा काळवंडली किंवा आत सरकली आहे का. भाच्याच्या मशीनचं कोडं इथेच सुटलं. दिसायला छान म्हणून त्याने रंगीत एक्स्टेंशन केबल लावल्या होत्या. कार्डाच्या ८ पिनांच्या जोडात दोन पिनांभोवतीचं प्लास्टिक करपलेलं होतं. वास त्याचा होता. ढिल्या जोडाचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे तो तापतो, तापल्याने आणखी ढिला होतो, आणि हे चक्र चालूच राहतं. आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर २०२२च्या ऑक्टोबरपासून १६ पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यांतही कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे एक कारण निघालं. तुमच्या कार्डाला तो लहान १६ पिनांचा जोड असेल तर तो शेवटपर्यंत बसलाय का ते बाजूने टॉर्च मारून पाहा आणि वायर तोंडापाशीच वाकवू नका.

मदरबोर्डावर कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, बोर्डाचा रंग एखाद्या ठिकाणी तपकिरी पडलाय का ते पाहा. हल्लीच्या चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमर कपॅसिटर असतात आणि ते सहसा फुगून दाखवत नाहीत. म्हणून डोळ्यांना काही दिसलं नाही एवढ्यावर बोर्डाला पास करू नका. ग्राफिक्स कार्डाच्या कडेला तेलकट ओल दिसली तर घाबरू नका, थर्मल पॅडमधलं सिलिकॉन तेल उष्णतेने पाझरतं आणि ते वीज वाहत नाही. मात्र लिक्विड कूलरच्या नळीच्या जोडापाशी चिकट डाग दिसला तर ती गळती आहे. त्या कूलरला पुन्हा वीज देऊ नका. रत्नागिरी-मालवणसारख्या किनारी भागात राहत असाल तर जोडांवर पांढरट-हिरवट थर आहे का तेही पाहा. खारट दमट हवेने धरलेला गंज उष्णतेत वेगाने पसरतो.

शेवटी प्रत्येक पंखा बोटाने हलकेच फिरवा. चांगला पंखा निःशब्द फिरून अलगद थांबतो. खरखर लागली, मध्येच अडला किंवा पातं डुगडुगलं तर तो गेला. भाच्याच्या कार्डाचा एक पंखा अर्ध्या फेरीतच अडत होता.

चाचणीआधी तापण्याचं कारण काढा

हा टप्पा टाळून थेट चाचण्यांकडे धावणारे खूप. पण कारण तसंच ठेवून चाचणी केली तर तेच अपघाताचं प्रात्यक्षिक पुन्हा होतं.

धूळ ब्लोअरने काढा, खोलीबाहेर नेऊन. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो मर्यादेबाहेर फिरतो आणि बेअरिंग बिघडतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, स्थिर विजेचा धोका असतो. हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये, विशेषतः पंख्याच्या खाली, धुळीची नमद्यासारखी चादर बसलेली असते. पंखा सोडवल्याशिवाय ती दिसतही नाही.

थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांहून जुनी असेल किंवा मशीन वारंवार तापलं असेल तर बदला. कूलर काढताना एक काळजी घ्या. एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरांत, म्हणजे ५००० मालिकेपर्यंत, पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि कूलरसोबत प्रोसेसर उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून वर ओढण्याआधी कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सैल करा. जळक्या खुणा नसतील तर आधी मशीन पाच मिनिटं चालवून पेस्ट किंचित गरम केली तर काम सोपं होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पुसण्याआधी तिच्यावरचा ठसा पाहा, कारण मधोमध पेस्टच नसेल किंवा एका कोपऱ्याला कोरडी असेल तर कूलर नीट दाबून बसलेला नव्हता.

ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत असेल तर ते उघडू नका. वॉरंटी संपली असेल आणि उघडणार असाल तर प्रत्येक पॅडची जाडी मोजून घ्या. मूळपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तर हीटसिंक मुख्य चिपपासून उचलला जातो आणि दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं.

आणि पीसी ठेवला कुठे आहे तेही पाहा. भाच्याचा अभ्यासाच्या टेबलाच्या बंद कप्प्यात होता, खाली जाड चटई, आणि एसएमपीएस हवा खालून ओढणारा.

पुन्हा वीज: कमीत कमी भागांवर

सगळे भाग लावून चालू करू नका. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, एवढंच. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्डही बाहेर ठेवा. इंटेलच्या नावामागे एफ असलेल्या प्रोसेसरांत आणि बहुतेक रायझन ५००० प्रोसेसरांत ते नसतं, तिथे कार्ड लावावंच लागेल.

मशीन सुरू झालं नाही तर बोर्डाच्या कडेचे चार छोटे दिवे पाहा. बऱ्याच गेमिंग बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं लिहिलेली असतात. जो दिवा पेटून राहतो तिथे गाडी अडली आहे. डीरॅमचा दिवा असेल तर पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना मेमरी जुळवून घ्यायला काही मिनिटं घेऊ शकते, तेव्हा लगेच बंद करू नका.

सुरू झालं तर विंडोजमध्ये न जाता बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) थांबा आणि प्रोसेसरचं तापमान दहा मिनिटं बघत बसा. ४० ते ५५ च्या दरम्यान स्थिरावलं तर छान, भर उन्हाळ्यात थोडं जास्तही चालेल. एक-दोन मिनिटांतच ८०च्या पुढे चढलं तर लगेच बंद करा: कूलर नीट बसलेला नाही किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद आहे. पंपाची फेऱ्यांची नोंद तिथेच दिसते. एक नळी गरम आणि दुसरी थंडगार असेल तर पाणी फिरत नाही असं समजा.

याच वेळी बायॉसच्या सेटिंग मूळ अवस्थेत आणा. ओव्हरक्लॉक, अंडरव्होल्ट, रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो, सगळं बंद. नाहीतर सेटिंगमुळे होणारी अस्थिरता नुकसान म्हणून मोजली जाईल आणि चांगला भाग बाद होईल.

आधी डेटा, मग चाचण्या

विंडोज सुरू झाली की पहिलं काम फोटो, प्रोजेक्ट, गेमचे सेव्ह बाहेरच्या डिस्कवर घेणं. एक गोष्ट मात्र जपा: जुना बॅकअप पुसून त्यावर नवा लिहू नका. रॅम बिघडली असेल तर कॉपी होतानाच फाइली खराब होतात आणि तसा काही संदेशही येत नाही. नवा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये.

मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवा. एनव्हीएमई एसएसडीच्या नोंदीत 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' शून्य असायला हवं आणि 'क्रिटिकल वॉर्निंग'ही शून्य. गंभीर तापमानात किती मिनिटं गेली याची नोंद काही डिस्क ठेवतात, ती वाचा. एसएसडी कार्डाच्या अगदी खाली बसवलेली असेल तर तो आकडा बोलका असतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहा. तिथे आकडा असला आणि दर दोन दिवसांनी वाढत असला तर डिस्कचा भरवसा धरू नका. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कपेक्षा साटा केबलवर संशय घ्या, ती बदलणं स्वस्त आहे.

विंडोज काय लिहून ठेवते

स्टार्ट मेन्यूत इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि कागदावर लिहिलेल्या वेळा तिथे जुळवा.

कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेलच. तिच्यावरून लोक थेट एसएमपीएस बदलतात, पण तिचा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. खरं मोल डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या नोंदींना आहे. १८ क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोसेसरच्या हार्डवेअरने गंभीर चूक कळवली, १९ म्हणजे चूक झाली पण दुरुस्त झाली. १७ बहुधा पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेवरची असते, म्हणजे कार्ड, एसएसडी किंवा त्यांची खाच. डिस्प्लेची ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अडला आणि पुन्हा उभा राहिला. या नोंदी तापण्याच्या दिवसाआधीही होत्या का ते आवर्जून पाहा. आधीपासूनच असतील तर दोष उष्णतेचा नसून जुना आहे.

वारंवार वीज तुटल्याने विंडोजच्या फाइलीही खराब होतात. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सिस्टिम फाइल चेकर एकदा चालवून घ्या, पण रॅमची चाचणी झाल्यावर. खराब रॅमवर केलेली दुरुस्तीही खराबच.

रॅम

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. रात्रभर लागेल. एकही चूक चालत नाही, "हजारात एकच आली" असं म्हणून सोडू नका. चूक आली तर एकेक पट्टी एकाच खाचेत लावून तपासा, मग चांगली पट्टी प्रत्येक खाचेत. चूक पट्टीसोबत हलली तर पट्टी वाईट, खाचेसोबत राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. मूळ वेगावर पास झाली की मगच एक्सएमपी चालू करून पुन्हा एक फेरी.

प्रोसेसर

तापमानं दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा, फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवडा. खोलीचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजून कागदावर लिहा. याशिवाय बाकीचे आकडे निरर्थक आहेत. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७५वर राहणारा प्रोसेसर अकोल्यात मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९५ला टेकतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो. म्हणून पाहायचं ते खोलीपेक्षा किती अंश वर, हे.

प्रोसेसरला पूर्ण भार देणाऱ्या सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी चालवा. पहिली दोन मिनिटं नजर हलवू नका. तापमान पाच-दहा सेकंदांतच मर्यादेला भिडलं तर कूलरची बैठक चुकली. सावकाश चढून स्थिरावलं तर ठीक. 'थर्मल थ्रॉटलिंग' या ओळीत 'येस' आलंय का पाहा आणि मिळालेले गुण त्याच प्रोसेसरच्या इतरांच्या गुणांशी ताडून पाहा. पाच टक्क्यांचा फरक चालतो, वीस टक्क्यांचा नाही.

हे पार पडलं तर त्याहून कठोर चाचणी घेणारा प्राइम९५ अर्धा तास. एखादा वर्कर चूक दाखवून थांबला तर मूळ सेटिंगवर असलेला प्रोसेसर किंवा त्याला वीज देणारा बोर्डाचा भाग दोषी आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीसाठी एवढं पुरत नाही. त्या झिजलेल्या चिपा सिनेबेंच पास होतात आणि मोठी संकुचित फाइल उलगडताना, ग्राफिक्स ड्रायव्हर बसवताना किंवा अनरियल इंजिनवरचे गेम शेडर तयार करताना पडतात. कार्डावर भरपूर मेमरी असूनही "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश येतो आणि माणसं बिचारं कार्ड बदलतात. सेव्हन-झिपची अंगभूत चाचणी तासभर चालवा, चूक आली तर वॉरंटीचा अर्ज करा. बायॉस अपडेट करायचंच, पण अस्थिर मशीनवर विंडोजमधून नको. बोर्डाच्या मागे पेनड्राइव्हवरून अपडेट करण्याचं बटण असेल तर ते वापरा.

ग्राफिक्स कार्ड

आधी फक्त डेस्कटॉपवर पाहा. रंगीत चौकोन, ठिपके, आडव्या-उभ्या रेघोट्या गेम न लावताच दिसत असतील तर कार्डाची मेमरी किंवा सोल्डरचे जोड गेलेत. दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावून एकदा खात्री करा.

मग नेहमीचा एखादा गेम वीस मिनिटं, एचडब्ल्यूइन्फो मागे चालू ठेवून. तीन आकडे: मुख्य चिप, हॉट स्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) आणि मेमरी. चिप आणि हॉट स्पॉट यांत १० ते २० अंशांचं अंतर नेहमीचं. ते ३०च्या पुढे असेल तर पेस्ट मधून सरकली आहे किंवा हीटसिंक तिरका बसलाय. कार्ड मेलेलं नाही, पेस्टने सुधारेल. आरटीएक्स ३०८०, ३०९० यांसारख्या जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांत मेमरी ११० अंशांना वेग कमी करते. तिथे आकडा सतत १०४-१०८ असेल तर पॅड संपलेत. नव्या काही कार्डांत हॉट स्पॉटचा आकडा दिसत नाही, तिथे पंख्यांचा वेग आणि घड्याळ-गती पाहून अंदाज बांधा.

शेवटी ओसीसीटी या चाचणी-प्रोग्रॅमची व्हीआरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी. इथेही शून्य चुका हाच निकाल. फरमार्क हा कार्डावर भार टाकणारा प्रोग्रॅम मी या कामाला वापरत नाही, कोणताही गेम देत नाही असा भार तो देतो आणि जखमी कार्डाला ती शिक्षा कशाला?

एसएमपीएस, सर्वांत शेवटी

सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर फार विसंबू नका. मल्टिमीटर असेल आणि हाताळता येत असेल तर एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत मोजा. गेम चालू असताना १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे. प्रोसेसरही पास, कार्डही पास, पण दोघांवर एकदम भार आला की मशीन बंद, असं झालं तर बोट एसएमपीएसकडेच जातं. ओसीसीटीची पॉवर चाचणी नेमकी हाच भार देते. पाच मिनिटं पुरे. हलक्या कामात काही एसएमपीएसचा पंखा मुद्दामच थांबलेला असतो, तो बिघाड नाही. भारातही फिरला नाही तर मात्र बदला. मित्राकडचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून पाहणं ही यातली सर्वांत खात्रीची परीक्षा. त्याच्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) केबलही त्याच्याच वापरा. एका कंपनीच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला बसतात, पण आतली जुळणी वेगळी असते आणि डिस्क जळते.

लॅपटॉप असेल तर

वरचं बहुतेक लागू आहे, पण पहिली नजर बॅटरीवर. टचपॅड वर आलंय, तळ फुगलाय, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय, यांपैकी काहीही दिसलं तर चार्जिंग बंद, वापर बंद. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, सेवा केंद्रात द्या.

दोष सापडला तर

करपलेला भाग खरवडून साफ करू नका. आहे तसा फोटो काढा, जीएसटीचं बिल आणि डब्यावरचा सिरीयल नंबर शोधा, चाचणीच्या चुकांचे स्क्रीनशॉट जोडा. "आपोआप बंद होतो" या तक्रारीपेक्षा "मूळ सेटिंगवर, खोली ३४ अंश, मेमटेस्टच्या दुसऱ्या फेरीत ६ चुका, पट्टी क्रमांक दोन" ही तक्रार टोलवणं अवघड जातं.

कार्डाला "हीट मारून" देतो म्हणणाऱ्याकडे कार्ड देऊ नका. हीट गनने तुटलेला जोड काही दिवस टेकतो आणि पुन्हा सुटतो, शिवाय शेजारचे चांगले जोड कमजोर होतात. रिबॉलिंग, म्हणजे चिप काढून तिच्याखालचं सोल्डर नव्याने बसवणं, हे वेगळं काम आहे. त्यासाठी नीट यंत्रसामग्री लागते आणि ते महागड्या कार्डालाच परवडतं. दुकानदाराने एखादा भाग गेला असं सांगितलं तर कोणत्या चाचणीवरून ते विचारा आणि काढलेला भाग परत मागा.

भाच्याच्या मशीनला शेवटी एसएमपीएससोबत आलेली मूळ केबल, कार्डासाठी एक पंखा आणि नवी पेस्ट लागली. कार्डाच्या सॉकेटातल्या पिना स्वच्छ होत्या म्हणून कार्ड वाचलं. पीसी कप्प्यातून बाहेर टेबलावर आला. त्या संध्याकाळी खोलीत ३९ अंश होते, तासभर गेम चालवल्यावर प्रोसेसर ८३वर आणि कार्डाचा हॉट स्पॉट ८९वर थांबला. हे तिन्ही आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून त्याने कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. दोन आठवड्यांनी त्याने तोच गेम लावून पुन्हा मोजलं, करपलेल्या जागी बसवलेला कनेक्टर काढून पाहिला आणि मला फोटो पाठवला. प्लास्टिक पांढरं स्वच्छ होतं.